दोन वर्षांच्या विद्येची पारख

विद्येला दोन प्रकारची किंमत असते. शिकणाऱ्याच्या अंगी जे कौशल्य व जी समज येते ती एक. आणि त्याच्या हातातील प्रमाणपत्र पाहून नोकरी देणारा अथवा पुढच्या वर्गात घेणारा जी किंमत करतो ती दुसरी. पहिली किंमत शिक्षक आणि विद्यार्थी मिळून निर्माण करतात. दुसरी मात्र कोणा तिऱ्हाइतालाच ठरवावी लागते. हा तिऱ्हाईत कोण असावा, त्याने काय पाहावे, आणि त्याच्या शिक्क्यावर लोकांनी कितपत विसंबावे, हा वाद भारतात विद्यापीठे स्थापन झाली तेव्हापासून चालू आहे. पूर्ण पदवीच्या बाबतीत त्याची काही उत्तरे सापडली. परंतु शाळा आणि पदवी ह्यांच्या मधल्या दोन वर्षांच्या शिक्षणाची पारख कशी करावी, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला आहे.

ह्या प्रश्नाची झळ मोठ्या शहरांपेक्षा सीमेवरच्या गावांना अधिक लागते. गुलबर्गा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील, आळंद तालुक्यात निंबर्गा हे असेच एक गाव आहे. ह्या तालुक्याच्या एका अंगाला सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट आणि दुसऱ्या अंगाला धाराशिव जिल्ह्यातील उमरगा. घरी कन्नड, बाजारात मराठी, जुन्या दप्तरात उर्दू, असा ह्या मुलखाचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. येथील मुलगा शिकावयास निघाला म्हणजे त्याच्यापुढे केवळ अंतराचा प्रश्न नसे. आपण ज्या वाटेने जात आहोत त्या वाटेवर मिळणारा कागद पलीकडच्या गावी चालेल की नाही, हाही प्रश्न असे. निजामी राजवटीत तो होता, राज्यपुनर्रचनेनंतर होता, आणि आजही तो पुरता मिटलेला नाही.

सन १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. लंडन विद्यापीठाचा नमुना त्यांच्यापुढे होता. विद्यापीठाने स्वतः शिकवावयाचे नाही. महाविद्यालयांना संलग्न करून घ्यावयाचे, परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची, असा तो क्रम होता. विद्यार्थी कसा शिकला ह्यापेक्षा परीक्षेत त्याने काय लिहिले ह्यावर सारा निर्णय अवलंबून असे. महाविद्यालयात ग्रंथालय आहे काय, शिक्षक पुरेसे आहेत काय, विद्यार्थ्यांना राहावयास जागा आहे काय, ह्याची चौकशी क्वचितच होत असे. विद्यार्थ्याची परीक्षा होई. संस्थेची परीक्षा कोणी घेत नसे.

ही उणीव दूर करण्यासाठी लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ चा विद्यापीठ कायदा झाला. संलग्नतेच्या अटी कडक झाल्या. इमारत, अध्यापकवर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जमाखर्च ह्या सर्वांची पाहणी करण्याचा अधिकार विद्यापीठाला मिळाला. फर्ग्युसन महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ह्या विधेयकाला कसून विरोध केला. दर्जा वाढविण्याला त्यांचा आक्षेप असण्याचे कारणच नव्हते. दर्जाच्या नावाखाली विद्यापीठांवर सरकारचा ताबा बसेल आणि लोकांनी पदरमोड करून उभारलेल्या संस्थांच्या गळ्याला फास लागेल, ही त्यांची भीती होती. गुणवत्तेची तपासणी आणि सत्तेचे नियंत्रण ह्या दोन गोष्टी एकाच वेषात येतात तेव्हा त्यांतील फरक ओळखणे किती अवघड असते, हे त्या वादाने प्रथम स्पष्ट केले. पुढच्या शंभर वर्षांतील बहुतेक वाद ह्याच एका मुद्द्याभोवती फिरत राहिले.

दोन वर्षांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार मात्र सॅडलर आयोगाने केला. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी १९१७ मध्ये नेमलेल्या ह्या आयोगाने १९१९ मध्ये असे मत दिले की, इंटरमीजिएटची दोन वर्षे विद्यापीठातून काढून वेगळ्या इंटरमीजिएट महाविद्यालयांकडे सोपवावी. तेथे केवळ वाङ्मय व शास्त्र नव्हे, तर वैद्यक, अभियांत्रिकी, शेती, व्यापार, अध्यापन ह्यांसाठीही तयारी करून घ्यावी, आणि त्यांच्यावर देखरेख करण्यासाठी स्वतंत्र मंडळ असावे. आज ज्याला सामुदायिक महाविद्यालय म्हणतात त्याची कल्पना ह्या शिफारशीत बरीचशी दिसते. परंतु व्यवहारात इंटर ही बी.ए.कडे जाणाऱ्या जिन्याची एक पायरीच राहिली. पायरीवर कोणी घर बांधीत नाही. त्या दोन वर्षांचे स्वतःचे असे काही प्रयोजन असू शकते, हे लोकांना पटले नाही आणि सरकारांनाही पटले नाही.

हैदराबाद संस्थानात ह्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठ उदयास आले. १९१८ मध्ये स्थापना होऊन १९१९ मध्ये तेथे वर्ग सुरू झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग मोठा होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले आणि शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले गेले. परंतु संस्थानच्या प्रजेपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक मराठी बोलणारे होते, तेलुगू बोलणारे त्याहूनही अधिक होते, आणि गुलबर्गा-रायचूरकडे कन्नड प्रमुख होती. त्यांच्या दृष्टीने इंग्रजीच्या जागी उर्दू आली एवढाच फरक झाला. राजधानीतील निजाम कॉलेज मात्र मद्रास विद्यापीठाशी संलग्न राहिले. एकाच संस्थानात अशा रीतीने दोन शिक्के चालू होते, आणि दोन्ही शिक्के संस्थानातील बहुसंख्यांच्या भाषांपासून दूर होते.

उस्मानियाच्या छत्राखाली औरंगाबाद आणि गुलबर्गा अशा ठिकाणी इंटरमीजिएट महाविद्यालये निघाली. औरंगाबादचे १९२३ चे. जिल्ह्याच्या ठिकाणी शाळेनंतरची दोन वर्षे मिळू लागली, हे काही लहान नव्हते. १९५१ च्या जनगणनेच्या वेळीसुद्धा हैदराबाद राज्यात शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे इंटरपर्यंत पोहोचलेल्या तरुणाला गावात केवढा मान असेल ह्याची कल्पना येते. पण इंटरनंतर बी.ए.साठी हैदराबादेस जाण्याची ऐपत थोड्यांनाच होती. उरलेल्यांच्या हातात दोन वर्षांचा कागद राही. तो कागद त्यांना पुरा शिकलेला म्हणत नसे आणि अशिक्षितही म्हणत नसे.

सरकारी शिक्क्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्नही ह्याच मुलखात झाले. १९०७ मध्ये गुलबर्ग्यास नूतन विद्यालय आणि हैदराबादेस विवेकवर्धिनी ह्या शाळा सुरू झाल्या. केशवराव कोरटकर व वामनराव नाईक ह्यांच्यासारख्यांनी अशा लोकशिक्षणाच्या कार्याला बळ दिले. १९२१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगे येथे राष्ट्रीय शाळा निघाली. आळंदच्या मुलखापासून हे गाव दूर नाही. ह्या शाळेत १९२९ पासून व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे मुख्याध्यापक होते. विजापूर जिल्ह्यातील सिंदगीस जन्मलेले हे शिक्षक पुढे स्वामी रामानंद तीर्थ ह्या नावाने संस्थानच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. १९३५ नंतर त्यांनी अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालयाच्या द्वारे तेच कार्य चालविले.

ह्या राष्ट्रीय शाळांचा इतिहास प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. तेथे शिक्षक अल्प वेतनावर राबत, विद्यार्थी शिस्तीने राहत, शारीरिक श्रम आणि अभ्यास ह्यांची सांगड घातली जाई. शिक्षणाच्या गुणवत्तेविषयी शंका घ्यावी असे तेथे थोडेच होते. पण त्यांच्या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीच्या दारात किंमत नव्हती. पुण्यास १९२१ मध्येच स्थापन झालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचीही स्थिती अशीच होती. स्वामीजींचे स्वतःचे उच्च शिक्षण ह्याच विद्यापीठात झाले. त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९८७ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर सहासष्ट वर्षांनी. मधल्या काळात तेथे शिकलेल्यांची विद्या खोटी होती काय? तसे कोणीच म्हणणार नाही. त्यांच्या विद्येला साक्षीदार नव्हता, एवढेच. जो त्याग करू शकला त्याने साक्षीदारावाचून निभावले. पण ज्याच्या घरी चार तोंडे खाणारी होती त्याला ते परवडणारे नव्हते. गुणवत्ता आणि मान्यता ह्यांची फारकत झाली म्हणजे तिची किंमत गरिबाच्या मुलाला मोजावी लागते.

उलट बाजूही ह्याच काळात दिसली. १९३८ च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली आणि विद्यार्थ्यांनी आज्ञा मोडली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट महाविद्यालयातही ही चळवळ भडकली. अनेक विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढून टाकण्यात आली. त्यांचे शिक्षण तेथेच संपले असते. परंतु नागपूर विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू टी. जे. केदार ह्यांनी त्यांना प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. एका विद्यापीठाने बंद केलेले दार दुसऱ्याने उघडले, ह्याला कारण असे की, आधीच्या वर्षांचा अभ्यास वाया गेलेला नाही असे मानावयास ते विद्यापीठ तयार होते. एका संस्थेतील शिक्षण दुसऱ्या संस्थेने ग्राह्य धरणे, ह्याचे महत्त्व किती आहे ते ह्या प्रसंगावरून कळते. मान्यतेचा खरा उपयोग भिंतीवर टांगण्यात नसतो. विद्यार्थी एका उंबरठ्यावरून दुसऱ्या उंबरठ्यावर जातो तेव्हा तो दिसून येतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. गुलबर्गा, रायचूर आणि बीदर म्हैसूर राज्यात गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. बीदर जिल्ह्यातलेच उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबईकडे, तर भालकी, औराद व हुमनाबाद म्हैसूरकडे राहिले. काल एकाच विद्यापीठाच्या परीक्षेला बसणारी शेजारची गावे दोन विद्यापीठांत विभागली गेली. गुलबर्ग्याचे दप्तर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेले. मराठवाड्यासाठी १९५८ मध्ये औरंगाबादेस स्वतंत्र विद्यापीठ झाले. गुलबर्ग्याला स्वतःचे विद्यापीठ मिळावयास १९८० साल उजाडावे लागले.

दरम्यान इंटरची परीक्षाच नाहीशी होत होती. डॉ. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये आणि मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये केलेल्या शिफारशींना अनुसरून तीन वर्षांची पदवी आली. इंटरची दोन वर्षे फाडून त्यांचा काही भाग शाळेला आणि काही भाग पदवीला जोडण्यात आला. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन ह्या रचनेत मधली दोन वर्षे पुन्हा उभी राहिली, महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालय म्हणून आणि कर्नाटकात पी.यू.सी. म्हणून. पण ती पदवीपूर्व तयारीच राहिली. काम करणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल आणि इच्छा झाल्यास पुढेही नेईल, असे दोन वर्षांचे स्वयंपूर्ण शिक्षण मात्र ह्या रचनेतून निघाले नाही.

असे शिक्षण अमेरिकेत निघाले. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर ह्यांची त्यामागे प्रेरणा होती, आणि त्यांच्याच विद्यापीठाने दोन वर्षे पुरी करणाऱ्यास ‘असोसिएट’ ही पदवी देण्याची प्रथा पाडली. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी नेमलेल्या आयोगाने ‘सामुदायिक महाविद्यालय’ हे नाव रूढ केले. घरापासून जवळ, अल्प खर्चाचे, त्या भागातील उद्योगधंद्यांशी नाते असलेले आणि पुढे विद्यापीठाचे दार उघडे ठेवणारे महाविद्यालय, असे त्याचे स्वरूप होते.

त्या देशात दर्जाची तपासणी सरकारने केली नाही. १८८५ पासून तेथील शाळा व महाविद्यालयांनी आपापल्या विभागात संघ स्थापन केले होते आणि एकमेकांची पाहणी एकमेकांनीच करावी अशी रीत पाडली होती. संस्थेने प्रथम आपलेच परीक्षण लिहावे. मग दुसऱ्या संस्थांतील अनुभवी अध्यापकांनी येऊन ते पडताळावे. उणिवा सांगाव्यात आणि काही वर्षांनी पुन्हा यावे, अशी ही पद्धत होती. तिला अधिस्वीकृती म्हणतात. संलग्नता वरून खाली येते. अधिस्वीकृती समानांमध्ये चालते. निदान मूळ कल्पना तशी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना सरकारी खर्चाने शिक्षण मिळू लागले तेव्हा केवळ पैसा लुबाडण्यासाठी अनेक संस्था उगवल्या. म्हणून १९५२ च्या कायद्याने सरकारी साहाय्य अधिस्वीकृतीशी बांधले गेले. त्या दिवसापासून मित्राचा सल्ला हा परवाना झाला.

परवाना झालेल्या सल्ल्याचे काय होते, ते सॅन फ्रान्सिस्को शहरातील सामुदायिक महाविद्यालयाने अनुभविले. सहपदवी देणारी ती एक फार मोठी संस्था. तेथील अधिस्वीकृती मंडळाने मुख्यतः कारभार व अर्थव्यवस्था ह्यांतील दोषांवर बोट ठेवून २०१३ मध्ये तिची मान्यता काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. शिकवणे चांगले असल्याची साक्ष देणारे पुष्कळ होते. तरी भीतीने विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने घटली. प्रकरण न्यायालयात गेले. मंडळाची कार्यपद्धती नियमाला धरून नव्हती, असा निर्णय २०१५ मध्ये लागला आणि २०१७ मध्ये मान्यता पूर्ववत झाली. मधल्या काळात जे विद्यार्थी निघून गेले त्यांची वर्षे मात्र कोणाला परत देता आली नाहीत.

भारतात ही दोन्ही बीजे जवळजवळ एकाच वेळी पेरली गेली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून १९९४ मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन झाली. तिलाच लोक ‘नॅक’ म्हणतात. त्याच वर्षी तंत्रशिक्षणासाठी अभ्यासक्रमवार तपासणी करणारे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळही निर्माण झाले. १९९५ मध्ये पुदुच्चेरी येथे देशातील पहिले सामुदायिक महाविद्यालय निघाले. २००९ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने सामुदायिक महाविद्यालयांची योजना जाहीर केली आणि दोन वर्षे पुरी करणाऱ्यास सहपदवी देऊ केली. थोड्याच काळात देशभर अशी शेकडो केंद्रे निघाली. शिकविण्याची साधने, शिक्षकांची पात्रता आणि स्थानिक उद्योगांशी संबंध ह्यांची बारकाईने पाहणी होण्याच्या आधीच शिक्का हाती पडला होता. २०१२ च्या सुमारास ती योजना थांबविण्यात आली. पायाची पारख झाली नसताना मजला चढविला म्हणजे असे होते.

त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अस्तित्वात असलेल्या महाविद्यालयांतच सामुदायिक महाविद्यालये चालविण्याची योजना आणली, आणि २०१४ पासून व्यवसाय-पदवीचे अभ्यासक्रमही सुरू केले. एक वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, आणि त्यांत कौशल्याचा वाटा साठ टक्के व सामान्य शिक्षणाचा चाळीस टक्के, अशी ह्या पदवीची रचना ठरली. कागदावर ही योजना सुबक होती. परंतु तिची पारख तीन तुकड्यांत विभागली गेली. सामान्य शिक्षणाची परीक्षा विद्यापीठ घेते. कौशल्याची कसोटी त्या त्या उद्योगाच्या कौशल्य परिषदेकडे असते. आणि संस्थेला श्रेणी देते ती नॅक. विद्यार्थी मात्र एकच असतो. त्याच्या दोन वर्षांचे एकत्रित मोल कोणी केले, असे विचारले तर तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवितात.

नॅकच्या कार्यपद्धतीत गुण पुष्कळ आहेत, हे मान्य केले पाहिजे. अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, भौतिक सुविधा, विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य, कारभार, आणि संस्थेची मूल्ये, असे तिचे सात निकष आहेत. तिच्या श्रेणींनुसार अगदी वरचे गुण मिळविणाऱ्यास सर्वोच्च श्रेणी मिळे, आणि चार गुणांपैकी १.५० किंवा त्याहून कमी मिळविणाऱ्यास मान्यता नाकारली जाई. २०१७ पासून सुमारे सत्तर टक्के भार आकड्यांच्या माहितीवर देण्यात आला. अनेक महाविद्यालयांनी आपली दप्तरे प्रथमच नीट लावली, ग्रंथालयांची मोजदाद केली, माजी विद्यार्थ्यांचा माग काढला, ते ह्या तपासणीच्या निमित्तानेच.

पण आकडा बोलका असतो तसाच आज्ञाधारकही असतो. संस्था मोठी असेल तर तिच्या एकूण श्रेणीच्या सावलीत एखादा दोन वर्षांचा दुबळा अभ्यासक्रम सहज झाकला जातो. आणि उत्तम चाललेला लहान अभ्यासक्रम मधल्या श्रेणीच्या संस्थेत असला तर त्याचे कौतुक कोणी करीत नाही. श्रेणी संस्थेला मिळते, अभ्यासक्रमाला नाही. त्यातच शिक्क्याला बाजारात भाव आला म्हणजे त्याच्या खरेदी-विक्रीचा मोहही उत्पन्न होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका पाहणी-पथकातील सदस्यांना लाचेच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली, तेव्हा देशभरच्या प्रामाणिक अध्यापकांनी मान खाली घातली. त्याआधीच, २०२४ मध्ये, श्रेणींची ही उतरंड मोडून ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असा सरळ निवाडा देण्याची नवी रीत जाहीर झाली होती. निवाडा सरळ केल्याने मोह कमी होईल काय, हे निवाडा देणाऱ्यांच्या स्वतंत्रतेवर अवलंबून राहील.

आता हे सारे आळंदच्या मुलखात आणून पाहावे. त्या तालुक्यातील कडगंची येथे २००९ च्या कायद्याने कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ उभे राहिले. राज्यघटनेतील ३७१(ञ) ह्या अनुच्छेदाने ह्या भागाला शिक्षणात व नोकऱ्यांत विशेष संधी दिली. उच्च शिक्षण गावाच्या शिवेपर्यंत आले, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही निंबर्ग्यासारख्या गावातील ज्या तरुणाला चार-पाच वर्षे शिकण्याची सवड नाही, त्याची गरज वेगळी आहे. हा तुरीचा मुलूख. कलबुर्गीच्या तुरीच्या डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डाळीच्या गिरणीतील यंत्रे, धान्याची साठवण, मालाची प्रतवारी, हिशेब आणि बाजारभाव ह्यांचे दोन वर्षांचे चांगले शिक्षण येथे मिळाले, तर ते शेकडो घरांना उपयोगी पडेल. अशा अभ्यासक्रमाची पारख कशी करावी? वर्गखोल्यांचे चौरस फूट मोजून? की तेथून निघालेला मुलगा गिरणीत उभा राहून बिघाड ओळखतो की नाही हे पाहून?

शिवाय सीमेचा प्रश्न राहतोच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा परत येण्याची सोय सांगितली. कर्नाटकाने ते धोरण २०२१ मध्ये आघाडीने स्वीकारले आणि २०२४ मध्ये चार वर्षांची रचना सोडून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळण घेतले. महाराष्ट्राने मात्र त्याच सुमारास नवी रचना सर्व महाविद्यालयांत लागू केली. त्यामुळे आळंदचा विद्यार्थी उमरग्यास किंवा सोलापुरास गेला, अथवा उमरग्याचा कलबुर्गीस आला, तर त्याच्या मागील वर्षांचा हिशेब लावण्यासाठी स्थलांतर-प्रमाणपत्र आणि पात्रता-प्रमाणपत्र ह्यांच्या खिडक्यांपुढे त्याला उभे राहावे लागते. १९३८ मध्ये एका कुलगुरूने जे एका सहीने केले, ते आज गुणांकांच्या बँका निघाल्यानंतरही सर्वत्र सहज घडत नाही.

ह्या दीर्घ इतिहासातून काही गोष्टी ठळकपणे हाती येतात. परीक्षा विद्यार्थ्याची घ्यावी आणि संस्थेचीही घ्यावी. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही. तपासणी करणारा सत्तेपासून जितका दूर तितकाच पैशापासूनही दूर असला पाहिजे; गोखल्यांना पहिली भीती वाटली होती, दुसरी पुढच्या काळाने दाखविली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे मोल त्याच्याच मोजमापाने करावे. त्याला अर्धवट पदवी समजून मोजू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो पुरा करून गेलेला विद्यार्थी दोन वर्षांनी कोठे आहे, काय कमावतो, पुढे शिकावयास गेला तर त्याला कोणत्या वर्गात घेतले, ह्याची नोंद श्रेणीच्या आकड्याआधी वाचली जावी.

हिप्परग्याच्या शाळेजवळ गुण होता आणि शिक्का नव्हता. आजच्या पुष्कळ अभ्यासक्रमांजवळ शिक्का आहे आणि गुणाची साक्ष नाही. ह्या दोहोंची गाठ घालणे हे एकट्या परिषदेचे काम नाही. शेजारच्या महाविद्यालयाने येऊन निःस्पृहपणे पाहावे, गावच्या कारखानदाराने आणि शेतकऱ्याने आपले मत सांगावे, विद्यापीठाने सीमेपलीकडच्या दोन वर्षांना आपल्या दारात मान द्यावा, आणि शिक्षकांनी आपले परीक्षण आपणच आधी खरेपणाने लिहावे. एवढे झाले तर निंबर्ग्याच्या मुलाला आपला कागद कोठे चालेल हे विचारीत फिरावे लागणार नाही.